चोरीचे रिव्हॉल्व्हर तारण म्हणून ठेवून घेतले, तर गुन्हा कोणता आणि शिक्षा किती?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मावसभावावर आलेल्या प्रसंगाविषयी जाणकारांकडून नेमकी कायदेशीर माहिती हवी आहे. आम्ही वकील नेमले आहेत, तरीही घरातल्या कोणालाच प्रकरणाचे स्वरूप नीट उमगलेले नाही. वकिलांना काय विचारायचे हेच कळत नसल्यामुळे येथे लिहीत आहे.

भावाने एका ओळखीच्या माणसाला उसने पैसे दिले होते. ते परत मिळेनात, तेव्हा त्या माणसाने एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे कापडात गुंडाळून त्याच्याकडे आणून दिली, आणि 'हे माझ्या काकांचे परवान्याचे हत्यार आहे, पैसे फेडेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या' असे सांगितले. भावाने ते कपाटात ठेवले. त्याने त्याला हात लावला नाही, कोणाला दाखवले नाही. सुमारे चार महिन्यांनी तो माणूस एका घरफोडीत पकडला गेला आणि त्याने भावाचे नाव घेतले. पोलिसांनी कपाटातून हत्यार जप्त केले. ते एका परवानाधारकाच्या घरातून चोरीला गेलेले निघाले.

आता भावावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आणि आर्म्स अ‍ॅक्टचे कलम ३ व २५ अशी दोन्ही कायद्यांची कलमे लावली आहेत. एकाच वस्तूसाठी दोन गुन्हे कसे लागतात? हत्यार चोरीचे आहे हे त्याला खरोखरच माहीत नव्हते, याचा काही उपयोग होईल का? आणि जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकते? कृपया अंदाजाने उत्तर देऊ नये, ही विनंती. मावशी रोज हाच प्रश्न विचारते आणि मला तिला खोटा दिलासा द्यायचा नाही.

फौजदारी_बाजू

मी फौजदारी वकिली करतो. आपल्या भावाची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे निकाल काय लागेल याविषयी बोलणार नाही. कायद्याची मांडणी मात्र सांगता येईल, आणि आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्या मांडणीतच आहेत.

या दोन कायद्यांतून विचारले जाणारे प्रश्न मुळातच वेगवेगळे आहेत. न्याय संहितेचे कलम ३१७ असे विचारते की, ही वस्तू चोरीची आहे हे तुम्हाला माहीत होते का, किंवा तसे मानायला तुमच्याकडे पुरेसे कारण होते का. शस्त्र अधिनियम, १९५९ (म्हणजेच आर्म्स अ‍ॅक्ट) हा प्रश्न विचारतच नाही. आपल्या ताब्यात बंदूक आहे हे तुम्हाला माहीत होते का आणि तिचा परवाना तुमच्याकडे होता का, एवढेच तो विचारतो. 'चोरीचे आहे हे माहीत नव्हते' हा बचाव म्हणूनच पहिल्या कायद्यासमोर महत्त्वाचा ठरतो आणि दुसऱ्यासमोर जवळजवळ निरुपयोगी. अशा खटल्यांत कुटुंबीयांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. सगळी शक्ती चोरीविषयीचे अज्ञान सिद्ध करण्यात खर्च होते, आणि अधिक जड शिक्षेचा आरोप दुर्लक्षित राहतो.

आधी कलम ३१७ पाहू. १ जुलै २०२४ पूर्वी बहुतांशी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या ४१० ते ४१४ या कलमांत होती. चोरी, खंडणी, जबरी चोरी किंवा फसवणूक यांतून हस्तांतरित झालेली, तसेच अपहार किंवा विश्वासघात करून लाटलेली मालमत्ता म्हणजे 'चोरीची मालमत्ता' अशी तिची व्याख्या आहे. ती मालमत्ता कायदेशीर हक्कदाराकडे परत गेली की तिचे हे स्वरूप संपते. पोटकलम (२) नुसार अशी मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्याला किंवा बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे 'स्वीकारणे' आणि 'बाळगणे' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यांकडे लक्ष द्या. एखाद्याने वस्तू निष्पापपणे घेतली, पण पुढे ती चोरीची असल्याचे कळल्यावरही अप्रामाणिक हेतूने ठेवून घेतली, तर तेवढ्यावरही गुन्हा होतो. त्यामुळे त्या चार महिन्यांत भावाला काही कळले होते का, त्या माणसाशी फोनवर काय बोलणे झाले, कोणते संदेश आले-गेले, हे सरकारी पक्ष तपासणार आणि आपल्या वकिलांनीही तपासलेच पाहिजे.

'मानायला कारण असणे' याचा अर्थ नुसती शंका येणे असा नाही. तसे मानण्यास पुरेसे कारण असले पाहिजे, त्याहून कमी चालत नाही, असे कायद्याची व्याख्याच सांगते. मात्र न्यायालय हे परिस्थितीवरून ठरवते. दुसऱ्याच्या काकांचे परवान्याचे हत्यार परवान्याच्या पुस्तकाशिवाय आणि काकांना न विचारता कोणी तारण म्हणून ठेवून जातो, ही गोष्ट सामान्य समजुतीच्या माणसाला खटकायला हवी होती, असा युक्तिवाद सरकारी वकील करतील. हा युक्तिवाद कमकुवत नाही. त्याला भावाकडे काय उत्तर आहे, याची तयारी आतापासून करावी.

पुराव्याच्या बाबतीत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मधील पहिले उदाहरण महत्त्वाचे आहे (जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ११४ खाली होते). चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि जो त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो एकतर चोर असतो किंवा माल चोरीचा आहे हे जाणून तो घेणारा असतो, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'धरू शकते' हे शब्द मोलाचे आहेत, कारण न्यायालयाने तसे गृहीत धरलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. 'लवकरच' म्हणजे किती दिवस हेही कायद्यात लिहिलेले नाही. हातोहात फिरणाऱ्या वस्तूसाठी चार महिने पुष्कळ होतात, सहज न फिरणाऱ्या वस्तूसाठी ते कमी ठरू शकतात. बंदूक यांपैकी कोणत्या वर्गात बसते, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

सर्वोच्च न्यायालयाने त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९५४ सालच्या निकालात सरकारी पक्षाला तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या आहेत. चोरीची मालमत्ता आरोपीच्या ताब्यात होती, त्याच्या ताब्यात येण्यापूर्वी ती दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात होती, आणि ती चोरीची असल्याचे आरोपीला माहीत होते. २०२२ मध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात हेच पुन्हा ठामपणे सांगितले गेले. नुसता माल सापडला म्हणजे ज्ञान सिद्ध झाले, असे होत नाही. आपल्या वकिलांचा कलम ३१७ वरील मुख्य बचाव याच तिसऱ्या मुद्द्यावर उभा राहील.

आता शस्त्र अधिनियम. कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा संपादन करू शकत नाही, ताब्यात ठेवू शकत नाही आणि वाहून नेऊ शकत नाही. 'संपादन' या शब्दात भाड्याने घेणे, उसने घेणे आणि भेट म्हणून स्वीकारणे यांचाही समावेश आहे, असे व्याख्येतच लिहिले आहे. 'हस्तांतरण' या शब्दात भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे येते. 'विकत घेतले नव्हते, फक्त ठेवायला घेतले होते' हा खुलासा म्हणूनच येथे टिकत नाही. एक मर्यादित अपवाद आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसरा माणूस हत्यार वाहून नेऊ शकतो. कर्जाचे तारण त्यात बसत नाही. आणि सहा काडतुसे हा स्वतंत्रपणे कलम ३ चा भंग आहे, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षेबाबत अत्यंत काळजीपूर्वक वाचा, कारण १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आकडे बदलले आहेत आणि जुनी पुस्तके अजून सर्वत्र फिरत आहेत. परवान्याशिवाय साधे अग्निशस्त्र बाळगण्याचा गुन्हा कलम २५(१-ब)(अ) खाली येतो. त्यासाठी पूर्वी एक ते तीन वर्षांची शिक्षा होती, आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास आणि शिवाय दंड आहे. पुरेशी आणि विशेष कारणे निकालपत्रात नोंदवून न्यायालय किमान मर्यादेच्या खाली येऊ शकते, पण ती कारणे खरोखर विशेष असावी लागतात.

दुसरीकडे कलम २५(१)(अ) आहे. त्यात कलम ५ चा भंग करून शस्त्र बनवणे, विकणे, हस्तांतरित करणे इत्यादी गोष्टी येतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात 'मिळवणे' अशा अर्थाचे शब्दही घातले गेले. तेथे शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. दोन वर्षे आणि सात वर्षे या दोन किमान मर्यादांतील अंतर पाहा. गुन्ह्याच्या नोंदीत पुष्कळदा नुसते 'आर्म्स अ‍ॅक्ट ३, २५' एवढेच लिहिलेले असते आणि घरचे लोक त्यावरून काहीतरी समजून बसतात. भावाच्या रिमांडच्या कागदांत आणि पुढे दोषारोपपत्रात नेमके कोणते पोटकलम आहे, हा तुम्ही वकिलांना विचारायचा पहिला प्रश्न. ते कळल्याशिवाय 'किती शिक्षा' याला उत्तर नाही.

एकाच घटनेतून दोन कायद्यांखाली दोन गुन्हे होण्यात काही वावगे नाही, कारण दोन्हींचे घटक भिन्न आहेत. एकातून निर्दोष सुटून दुसऱ्यात दोषी ठरणे शक्य आहे, आणि अशा प्रकरणांत तसे घडतेही.

जुना_परवानाधारक

मी या विषयाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या घरातून माझे परवान्याचे पिस्तूल चोरीला गेले होते. आपल्या भावाविषयी मला राग नाही, पण ज्याचे हत्यार जाते त्याच्यावर काय येते हे वाचकांना कळावे, म्हणून लिहीत आहे.

परवान्याच्या अटींनुसार हत्यार हरवले किंवा चोरीला गेले की ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे लागते. मी त्याच रात्री फिर्याद दिली. तरीही माझी चौकशी झाली. हत्यार कुलपात होते का, काडतुसे वेगळी ठेवली होती का, घरात कोणाकोणाला जागा ठाऊक होती, असे प्रश्न मला अनेक दिवस विचारले गेले. त्या वेळी ते अपमानास्पद वाटले. आज वाटते की ते विचारणे योग्यच होते, कारण माझ्या हत्याराने कोणाचा जीव गेला असता तर मला झोप लागली नसती. परवान्याच्या अटी मोडल्या असतील तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली परवानाधारकही शिक्षेस पात्र होतो, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

माझे पिस्तूल सापडले ते त्यावरच्या क्रमांकामुळे. उत्पादकाचे नाव आणि क्रमांक माझ्या परवान्यात नोंदलेले होते आणि फिर्यादीतही होते, त्यामुळे मुद्देमालाशी पडताळणी करता आली. या संदर्भात एक तरतूद फार लोकांना ठाऊक नसते. हत्यारावरील ओळखखुणा खोडणे, बदलणे किंवा खोट्या करणे कलम ८ ने निषिद्ध आहे. शिवाय खुणा खोडलेले हत्यार ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच त्या खोडल्या असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो. भावाकडील रिव्हॉल्व्हरचा क्रमांक शाबूत असेल, तर ही त्यातल्या त्यात त्याच्या बाजूची गोष्ट आहे.

हत्यार परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. खटला चालू असतानाचा मुद्देमालाचा ताबा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४९७ खाली ठरतो. परवाना चालू असल्याचे दाखवल्याशिवाय हत्यार हाती मिळत नाही. माझ्या परवान्याची मुदत मध्येच संपली होती, त्यामुळे आधी नूतनीकरण आणि मग ताबा, असा क्रम करावा लागला.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. रिव्हॉल्व्हरचा क्रमांक शाबूत होता, असे पंचनाम्यात लिहिले आहे.

आणखी दोन गोष्टी विचारतो. ज्या कपाटात हत्यार होते ते घर एकत्र कुटुंबाचे आहे. मावशी आणि धाकटा भाऊ यांच्यावरही गुन्हा येऊ शकतो का? धाकट्याला हत्याराची कल्पना होती, मावशीला नव्हती. आणि दुसरे असे की, मूळ मालक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना हत्यार परत मिळाल्यास त्यांची तक्रार नाही, असे त्यांनी निरोपाने कळवले आहे. मग प्रकरण आपसांत मिटवता येईल का?

फौजदारी_बाजू

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चोरीचा माल स्वीकारण्याचा साधा गुन्हा मालमत्तेच्या मालकाच्या संमतीने मिटू शकतो, कारण तो आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या तक्त्यात आहे. शस्त्र अधिनियमाखालील गुन्हा त्या तक्त्यात नाही, म्हणून तो मिटत नाही. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यात नुकसान झालेला पक्ष कोणी एक गृहस्थ नसतो, तो गुन्हा सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्धचा मानला जातो. मालकांचा सद्भाव कलम ३१७ पुरता उपयोगी आहे, तेवढाच. आणि एक विनंती : ते साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना घरच्यांनी परस्पर भेटू नये. जे काही करायचे ते वकिलांमार्फत आणि न्यायालयासमोर करावे, अन्यथा साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप येऊन भावाचा जामीन धोक्यात येईल.

आता घरच्यांविषयी. 'ताबा' म्हणजे एका छपराखाली राहणे असे कायदा मानत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताब्याचे दोन भाग स्पष्ट केले आहेत. आपल्या ताब्यात ते हत्यार आहे याची जाणीव असली पाहिजे, आणि प्रत्यक्ष हातात नसेल तर त्यावर सत्ता किंवा नियंत्रण असले पाहिजे. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठानेही 'जाणीवपूर्वक ताबा' हाच निकष सांगितला. मावशींना कल्पनाच नव्हती, तेव्हा पहिलाच घटक उरत नाही. धाकट्याला माहीत होते, पण नुसते माहीत असणे म्हणजे नियंत्रण असणे असे नव्हे. कपाटाची किल्ली कोणाकडे होती, कपाट कोणाच्या खोलीत होते, हे प्रश्न म्हणून महत्त्वाचे ठरतात. गुणवंतलाल निकालाची दुसरी बाजू अशी की, हत्यार दुसऱ्याच्या घरी ठेवल्याने मूळ माणसाचा ताबा संपतोच असे नाही. त्याचे नियंत्रण कायम असेल तर तोही ताबेदार राहतो.

धाकट्याच्या संदर्भात मात्र एक सावधगिरी सांगावीशी वाटते. या अधिनियमाखालील गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने, योग्य सबब नसेल तर, पोलिसांना माहिती द्यावी, असे कलम ३६ म्हणते. आणि अटकेची कुणकुण लागल्यावर त्याने हत्यार हलवले, पुरले किंवा दडवले असते, तर कलम ३१७(५) म्हणजे चोरीचा माल लपवण्यास मदत करणे, आणि कलम २३८ म्हणजे पुरावा नाहीसा करणे, असे नवे आरोप त्याच्यावर आले असते. तसे काही झाले नसेल अशी आशा आहे. झाले असेल तर ते येथे लिहू नका, थेट वकिलांना सांगा.

आपल्या प्रकरणाशी थेट संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला लागू पडेल म्हणून शिक्षेच्या वरच्या पायऱ्याही नोंदवतो. मालमत्ता दरोड्यात, म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीत गेलेली असेल आणि घेणाऱ्याला ते माहीत असेल किंवा तसे मानायला कारण असेल, तर कलम ३१७(३) खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि दंड आहे. चोरीचा माल घेण्याचा धंदाच करणाऱ्यासाठी ३१७(४) खालीही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. हत्यार प्रतिबंधित वर्गातले, उदाहरणार्थ स्वयंचलित असेल, तर नुसते बाळगल्याबद्दल कलम २५(१-अ) खाली किमान सात आणि कमाल चौदा वर्षे आहेत. सुरक्षा दलांकडून चोरीला गेलेली हत्यारे बहुधा याच वर्गात मोडतात. पोलीस किंवा सैन्यदलाकडून बळाने शस्त्र हिसकावणाऱ्याला किमान दहा वर्षे ते जन्मठेप, अशी तरतूद २०१९ मध्ये नव्याने घातली गेली. शस्त्रांच्या अवैध व्यापारासाठीही तेवढीच शिक्षा आहे. आणि तारखांचा विचार करा. १४ डिसेंबर २०१९ पूर्वी घडून संपलेल्या गुन्ह्याला जुनीच शिक्षा लागू होते, कारण मागाहून वाढवलेली शिक्षा आधीच्या कृत्याला लावता येत नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो आणि येथील न्यायालयात दुभाषा म्हणून काम करतो. तुलनेसाठी थोडे लिहितो, कारण येथील मांडणी भारताच्या जवळजवळ उलट आहे आणि येथील संकेतस्थळांवर वाचलेले भारतातल्या प्रकरणाला लावण्याची चूक पुष्कळ मराठी कुटुंबे करतात.

अमेरिकेत सामान्य प्रौढ माणसाने बंदूक बाळगणे हा सहसा गुन्हा नसतो. त्यामुळे बंदूक चोरीची असणे आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असणे, हाच आरोपाचा गाभा होतो. संघराज्य कायद्याच्या अठराव्या भागातील कलम ९२२ च्या 'जे' उपकलमानुसार चोरीचे अग्निशस्त्र किंवा दारूगोळा, चोरीचा आहे हे जाणून किंवा तसे मानायला वाजवी कारण असताना, घेणे, बाळगणे, लपवणे, साठवणे, अदलाबदल करणे किंवा विकणे निषिद्ध आहे. कर्जाचे तारण म्हणून गहाण ठेवणे किंवा स्वीकारणे याचाही त्यात शब्दशः उल्लेख आहे, म्हणजे आपल्या भावाने जे केले तेच. कमाल शिक्षा दहा वर्षे. 'के' उपकलमाखाली अनुक्रमांक खोडलेले हत्यार जाणूनबुजून बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत. गंभीर गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्या माणसाकडे बंदूक सापडली, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा पंधरा वर्षांवर गेली आहे. यांशिवाय प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असतो.

'मला माहीत नव्हते' हे वाक्य म्हणूनच येथे खटल्याचा निकाल फिरवू शकते. वर फौजदारी_बाजू यांनी लिहिल्याप्रमाणे भारतात ते अर्धेच काम करते.

निळाई

मला एक वेगळी शंका आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांची परवान्याची बारा बोअरची बंदूक आमच्या घरीच आहे. परवाना त्यांच्या नावाचा. हे वाचून छातीत धस्स झाले. हीदेखील 'बेकायदा ताबा' या सदरातच येते का?

फौजदारी_बाजू

निळाई, आपले प्रकरण चोरीच्या हत्याराचे नाही, त्यामुळे कलम ३१७ चा प्रश्न येत नाही. परंतु परवाना व्यक्तीचा असतो, बंदुकीचा नसतो, आणि तो वारसाकडे आपोआप येत नाही. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही त्याने शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. उद्याच मूळ परवाना आणि मृत्यूच्या दाखल्यासह जमा करा, आणि पावती जपून ठेवा. बंदूक घेऊन रस्त्याने निघण्यापूर्वी ठाण्याला लेखी कळवून ती कशी आणावी हे विचारून घ्या. पुढे वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो.

ज्यांच्याकडे कोणाचे तरी अनोळखी हत्यार येऊन पडले आहे, अशा वाचकांनी मात्र कलम २१ ही ढाल समजू नये. ते मुळात कायदेशीर असलेल्या आणि पुढे तसा न राहिलेल्या ताब्यासाठी आहे. स्वतःहून हत्यार हजर केल्याने गुन्हा पुसला जात नाही. हेतू आणि शिक्षेचे प्रमाण ठरवताना त्याचा विचार होतो, एवढे खरे. विहिरीत किंवा नदीत टाकणे हा सर्वांत घातक सल्ला आहे आणि तो दुर्दैवाने घरातली वडीलधारी माणसेच देतात. वकिलाला सोबत घेऊन जाणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

पायवाट

दोषारोपपत्र मिळाले. त्यात न्याय संहितेचे ३१७(२) आणि शस्त्र अधिनियमाचे कलम ३ सह २५(१-ब)(अ) आहे. २५(१)(अ) भावावर लावलेले नाही, ते हत्यार देणाऱ्या माणसावर आहे. आपण सांगितले नसते तर हा फरक आमच्या लक्षातच आला नसता. मावशीला मी आज आकडे जसेच्या तसे सांगितले.

आता कागदांत काय पाहावे?

फौजदारी_बाजू

चार गोष्टी पाहा. जप्तीच्या वेळी हत्यार जागेवर मोहोरबंद केले होते का आणि प्रयोगशाळेत पोचले तेव्हा मोहोर शाबूत होती का. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे, ते झाले आहे का. बॅलिस्टिक तज्ज्ञांचा अहवाल हत्यार चालू स्थितीत असल्याचे सांगतो का. आणि पंचनाम्यातील क्रमांक चोरीच्या फिर्यादीतील व परवान्यातील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का. हा क्रमांक जुळला नाही तर हत्यार चोरीचे असल्याचा पुरावाच ढासळतो आणि ३१७ डळमळते. परवान्याचा प्रश्न मात्र तिथेच राहतो, हे पुन्हा सांगतो. हत्यार देणाऱ्या माणसाने पोलिसांसमोर भावाविरुद्ध जे सांगितले ते कबुलीजबाब म्हणून न्यायालयात चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

यानंतर पूर्वमंजुरी. कलम ३ च्या गुन्ह्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी असल्याशिवाय खटला दाखल करता येत नाही, असे कलम ३९ स्पष्ट सांगते. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तच या कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकारी असतात. मंजुरीचा आदेश कागदांत आहे का, त्यावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे आणि तारीख दोषारोपपत्राच्या आधीची आहे का, हे पाहा.

पायवाट

मंजुरीचा आदेश कागदांत नाही. अनुक्रमणिकेत 'मंजुरी प्राप्त होताच सादर करीत आहोत' असा शेरा आहे.

फौजदारी_बाजू

मग ही गोष्ट आजच वकिलांच्या नजरेस आणा आणि आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावर लेखी हरकत घ्यायला सांगा. मंजुरी नंतर आणून सरकारी पक्ष पुन्हा उभा राहू शकतो, त्यामुळे एवढ्यावर खटला संपेल असे मावशींना सांगू नका. मात्र जामिनाच्या अर्जात हा मुद्दा जरूर यावा. हत्याराचा वापर झालेला नाही, क्रमांक शाबूत आहे, पूर्वीचा गुन्हा नाही आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यामुळे कोठडीतील तपास उरलेला नाही, या चार मुद्द्यांबरोबरच तो मांडावा. हे दोन्ही गुन्हे अजामीनपात्र आहेत, पण त्याचा अर्थ जामीन न्यायालयाच्या विवेकावर आहे एवढाच, तो मिळत नाही असा नाही. त्या शेऱ्याच्या पानाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, आणि मंजुरी नंतर दाखल झाली तर त्या आदेशाचीही काढा, कारण दोन तारखा शेजारी ठेवूनच हा युक्तिवाद करता येतो.